रेडवरचं लिनक्स बूट होईना? घोडं कुठं पेंड खातंय ते आधी पाहा

जुलैची अखेर. सांगलीतल्या एका ओळखीच्या करसल्लागारांचा सकाळी साडेनऊला फोन आला. विवरणपत्रांची मुदत चार दिवसांवर आली होती आणि कार्यालयातला सर्व्हर उठत नव्हता. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढी एकच ओळ. मशिनमध्ये दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क, त्यांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), दोन्ही सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये जोडलेल्या, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उतरतं. एक गेली तरी दुसरी काम सांभाळेल, हाच सगळा खर्च करण्यामागचा हिशोब. पहिली डिस्क खरोखरच मेली होती आणि दुसरीवर प्रत्येक फाईल शाबूत होती. तरीही मशिन चालू होईना, कारण बूटलोडर (मशिन चालू होताना लिनक्स उठवणारा छोटा प्रोग्राम, इथं त्याचं नाव ग्रब) फक्त पहिल्या डिस्कवर बसवलेला होता. इन्स्टॉल करताना 'ग्रब कुठे बसवू?' असं विचारलं गेलं, बसवणाऱ्यानं यादीतली पहिली डिस्क निवडली, आणि नंतर काही वर्षं सगळं सुरळीत चाललं म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

हाच घोटाळा मी बऱ्याच ठिकाणी निस्तरला आहे. रेड नव्यानं वापरणाऱ्यांना वाटतं की आपली अख्खी डिस्क दुप्पट झाली. तसं होत नाही. लिनक्सचा रेड सहसा पार्टिशनवर बांधलेला असतो आणि तो फक्त त्या पार्टिशनच्या आतलं दुसरीकडे उतरवतो. पार्टिशनच्या बाहेर जे आहे, म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, पार्टिशन टेबल, ग्रबचा सुरुवातीचा तुकडा, ते त्याच्या हिशोबातच नसतं. आणि मशिन उठतं ते नेमकं तिथूनच.

आज्ञांबद्दल एक खुलासा. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायच्या, आणि रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवायच्या. नेहमी लागणाऱ्या हत्याराचं नाव एमडीॲडम, स्पेलिंग एम-डी-ए-डी-एम. तुमच्या मशिनवर एसडीए, एमडी१ यांच्या जागी वेगळी नावं असतील, ती बघून बदला.

हात लावण्याआधी

घाबरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत जे करून बसतो त्यानं जास्त नुकसान होतं. तीन गोष्टी अजिबात करू नका. एमडीॲडमची --क्रिएट ही आज्ञा दुरुस्तीसाठी कधीही वापरू नका. ती जुना ॲरे (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच) शोधत नाही, त्याच्या जागी नवा मांडते, आणि डिस्कचा क्रम किंवा मेटाडेटाची (रेडनं डिस्कवर ठेवलेल्या स्वतःच्या नोंदीची) आवृत्ती चुकली तर आतला डेटा हाती लागत नाही. दुसरं, रेडमधल्या सुट्या पार्टिशनवर एफएससीके (फाईल-सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका, आणि ते लिहिता येईल असं माउंटही (वापरण्यासाठी जोडणं) करू नका. एका बाजूला काही लिहिलं गेलं की दोन्ही बाजू वेगळ्या होतात आणि रेडला ते कळतसुद्धा नाही. तिसरं, आज एका डिस्कवर, उद्या दुसऱ्या डिस्कवर असं आलटून पालटून बूट करून बघू नका. दोन्हींवर वेगवेगळा इतिहास तयार होतो आणि मग खरी कोणती हे ठरवणं तुमच्याच माथी येतं.

पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. घोडं कुठं पेंड खातंय ते बहुतेक वेळा त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

पडदा काय सांगतोय

बूट होण्याची साखळी अशी: मदरबोर्डवरचं फर्मवेअर ग्रबला उठवतं, ग्रब कर्नल आणि इनिट्रॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाईल-सिस्टिम मेमरीत आणतो, त्या तात्पुरत्या जागेतून रेड जोडला जातो आणि त्यावरची मुख्य फाईल-सिस्टिम (तिलाही रूट म्हणतात) माउंट होते, मग सिस्टिमडी (बूटच्या पुढच्या पायऱ्या चालवणारा प्रोग्राम) बाकीची पार्टिशनं माउंट करतं. यात फर्मवेअरला लिनक्सचा रेड अजिबात कळत नाही. ग्रबला वाचण्यापुरता कळतो. पूर्ण कळतो तो फक्त कर्नलला.

'नो बूटेबल डिव्हाइस' आलं किंवा मशिन थेट बायोसच्या सेटिंगमध्ये शिरलं, तर अडचण फर्मवेअर आणि ग्रब यांच्यामध्ये आहे. 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट आला, तर ग्रब जागा झालाय पण त्याला त्याच्या बाकीच्या फायली सापडत नाहीयेत. कंसात 'इनिट्रॅमएफएस' लिहिलेला प्रॉम्प्ट (डेबियन, उबुंटू) किंवा 'ड्रॅकट' असा प्रॉम्प्ट (फेडोरा आणि रेडहॅटच्या घराण्यात) आला, तर कर्नल चालू आहे, रेड जोडला गेलेला नाही. आणि 'इमर्जन्सी मोड' म्हणून रूटचा पासवर्ड मागितला, तर रेड बहुधा ठीक आहे. बिघाड एफएसटॅब फाईलमध्ये (काय कुठं माउंट करायचं त्याची यादी) शोधा.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून पाहणी

सिस्टिमरेस्क्यूचा (दुरुस्तीसाठी थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) पेनड्राइव्ह जवळ ठेवत जा, त्यात एमडीॲडम आधीपासून असतं. तुमची सिस्टिम ज्या पद्धतीनं बूट होत होती, त्याच पद्धतीनं पेनड्राइव्हही बूट करा. सिस्टिम यूईएफआयवर (फर्मवेअरची नवी पद्धत) असेल आणि पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीनं उठवला, तर बूटच्या नोंदी दुरुस्त करताच येत नाहीत. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी दिसली तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात.

मग या तीन आज्ञा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,टाइप,सीरियल
कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट
एमडीॲडम --एक्झॅमिन /डेव्ह/एसडीए२ /डेव्ह/एसडीबी२

पहिलीत सीरियल मुद्दाम मागितला आहे. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. पहिली डिस्क मेली की दुसरी बिचारी एसडीए म्हणून उभी राहते आणि चुकीच्या डिस्कवर हात पडतो. सीरियल नंबर मात्र डिस्कच्या लेबलावर छापलेलाच असतो.

एमडीस्टॅट नीट वाचायला शिका, अर्धं काम तिथंच होतं. सगळं ठीक असेल तर ॲरेच्या नावापुढे 'ॲक्टिव्ह रेड१' आणि खालच्या ओळीच्या शेवटी [२/२] [यूयू] असं दिसतं. दोन हव्यात, दोन आहेत, दोन्ही चालू. [२/१] [_यू] म्हणजे पहिली जागा रिकामी. डिस्कच्या नावाला कंसातलं एफ चिकटलं असेल तर कर्नलनं तिला नादुरुस्त ठरवलं आहे. आणि 'इनॲक्टिव्ह' लिहून नावापुढे कंसात एस दिसला, तर ॲरेचे तुकडे सापडले आहेत पण तो चालू केलेला नाही. तो एस बघून 'माझ्या डिस्क स्पेअर झाल्या' म्हणून धसका घेऊ नका. चालू न झालेल्या ॲरेतल्या साऱ्याच डिस्क तशा दिसतात.

--एक्झॅमिनच्या निकालात 'इव्हेंट्स' नावाचा आकडा आणि 'अपडेट टाइम' असतो. दोन्ही डिस्कवर इव्हेंट्स सारखे असतील तर दोन्ही एकाच वेळेपर्यंत सोबत होत्या. एकीवर आकडा बराच मागे असेल, तर ती डिस्क केव्हाच बाहेर पडली होती आणि तुम्हाला कळलं नाही. मग ताजी डिस्क तीच, जिचा आकडा मोठा. हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

ॲरे जोडण्यासाठी:

एमडीॲडम --असेंबल --स्कॅन

एकच डिस्क असल्यामुळे तो 'इनॲक्टिव्ह' राहिला, तर एमडीॲडम --रन /डेव्ह/एमडी१ देऊन तो एका पायावर चालू होतो. इथं तो एमडी१२७ अशा नावानं आला तर घाबरू नका, त्याचं कारण पुढे येतंच.

फर्मवेअरला काहीच सापडत नाही तेव्हा

सांगलीचं मशिन याच पायरीवर अडलं होतं. पण ग्रब बसवण्याआधी एक मिनिट बायोसच्या सेटिंगमध्ये डोकवा. मशिन बरेच दिवस विजेविना पडून राहिलं आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला, की सेटिंग मूळपदावर जातात. घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर हाच संशय आधी घ्या. साटा मोड 'एएचसीआय' होता तो 'रेड' झाला, किंवा यूईएफआयचं लिगसी (जुनी बायोस पद्धत) झालं, तर ठणठणीत सिस्टिमसुद्धा उठत नाही. बायोसमधल्या त्या 'रेड'चा आणि आपल्या सॉफ्टवेअर रेडचा काही संबंध नाही. आपल्याला एएचसीआयच हवं.

सेटिंग ठीक असेल तर ग्रब. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मूळ सिस्टिमच्या आत शिरायचं:

माउंट /डेव्ह/एमडी१ /एमएनटी
माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन
सीएचरूट /एमएनटी

/बूट वेगळ्या ॲरेवर असेल तर सीएचरूटच्या आधी तोही /एमएनटी/बूटवर माउंट करा. हे विसरलं की पुढचं सगळं काम रिकाम्या डिरेक्टरीत होतं, आज्ञा तक्रार करत नाहीत आणि मशिन पुन्हा तिथंच अडतं. या एका चुकीपायी लोकांचे तासन् तास गेलेले पाहिलेत.

बायोस पद्धतीच्या मशिनवर, जेवढ्या डिस्क ॲरेत आहेत तेवढ्या प्रत्येकीवर:

ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी
अपडेट-ग्रब

पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं किंवा एमडी१चं नाही. डेबियनच्या घराण्यात डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून यादीत दोन्ही डिस्कवर खूण केलीत तर पुढच्या अपडेटमध्येही दोन्हींची काळजी घेतली जाते. मला हाच मार्ग जास्त पसंत आहे.

डिस्कवर जीपीटी पार्टिशन टेबल आणि मशिन बायोसवर असेल तर ग्रबला एक मेगाबाइटचं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं, तेही प्रत्येक डिस्कवर वेगळं. 'एम्बेडिंग शक्य नाही' अशा अर्थाची तक्रार आली तर हेच राहिलंय असं समजा.

यूईएफआयची गोष्ट वेगळी. तिथं फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमधली फाईल वाचतं, आणि ते पार्टिशन फॅट असावं लागतं. बरेच जण ते रेडमध्येच टाकतात. मेटाडेटा १.० वापरला तर हे जमतंही, कारण १.० स्वतःची नोंद पार्टिशनच्या शेवटी ठेवतो आणि फर्मवेअरला सुरुवातीला साधं फॅटच दिसतं. नेहमीचा १.२ नोंद सुरुवातीपासून चार किलोबाइटवर ठेवतो आणि फॅट त्यापुढे सरकतं, त्यामुळे फर्मवेअरला ते ओळखू येत नाही. पण १.० वापरूनही मी हा मार्ग सुचवत नाही. फर्मवेअर कधीमधी त्या पार्टिशनवर स्वतः लिहितं, तेही एकाच डिस्कवर, आणि रेडच्या नकळत. त्यापेक्षा दोन्ही डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवा, दोन्हींत ग्रब बसवा, आणि ईएफआयबूटमॅनेजर या हत्यारानं (टाइप करताना शेवट एमजीआर) दोन नोंदी करा. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर ही सोय करून देतो. डेबियनवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये आपणच उतरवून ठेवावं लागतं.

ग्रब रेस्क्यू

इथं फार वेळ घालवू नका. एलएस टाइप करा. यादीत (एमडी/१) किंवा तत्सम नाव दिसलं, तर:

सेट प्रीफिक्स=(एमडी/१)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

/बूट वेगळं असेल तर मधलं /बूट गाळून नुसतं /ग्रब लिहा. मेनू आला तर बूट करा आणि आत गेल्यावर दोन्ही डिस्कवर ग्रब नव्यानं बसवा. यादीत एमडी दिसतच नसेल, तर ग्रबच्या त्या तुकड्यात रेड वाचण्याची सोयच बहुधा भरलेली नाही. सरळ पेनड्राइव्ह घ्या आणि वरच्यासारखं सीएचरूट करा.

इनिट्रॅमएफएसमध्ये अडकलात

नवख्यांना सर्वांत जास्त छळणारी जागा ही, म्हणून सावकाश घेऊ. 'रूट फाईल-सिस्टिमची वाट पाहून थकलो' अशा आशयाचा इंग्रजी संदेश येतो आणि तुम्ही एका तुटपुंज्या शेलमध्ये असता. वाचता येईल अशी फाईल-सिस्टिम कर्नलसमोर आलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट करा. काहीच दिसत नसेल तर मॉडप्रोब रेड१ देऊन ड्रायव्हर चढवा, मग एमडीॲडम --असेंबल --स्कॅन. 'इनॲक्टिव्ह' असेल तर आधी एमडीॲडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१, मग पुन्हा असेंबल, आणि तरीही नाही तर --रन. ॲरे चालू झाला की एक्झिट टाइप करा. बऱ्याचदा बूट पुढे सरकतं आणि लॉगिन येतं. --फोर्स शेवटी, आणि इव्हेंट्सचे आकडे वहीत लिहिलेले असतील तरच.

एक डिस्क नसताना सिस्टिम लगेच चालू होत नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. डिस्क नुसती सावकाश फिरत असली तर उगाच ॲरे मोडू नये म्हणून ती थांबते. सिस्टिमडी वापरणाऱ्या वितरणांत हा टायमर ३० सेकंदांचा आहे. तेव्हा अर्धा-पाऊण मिनिट काळा पडदा दिसला म्हणून रिसेटचं बटण दाबू नका.

आता खरं कारण. इनिट्रॅमएफएसमध्ये एमडीॲडमच्या सेटिंग फाईलची एक प्रत असते. तुम्ही नंतर ॲरे वाढवलात, नाव बदललंत, डिस्क बदलून नवा ॲरे बांधलात, तरी आतली प्रत जुनीच राहते. मग ॲरे ओळखला जात नाही, किंवा 'हा पाहुणा दिसतो' म्हणून त्याला एमडी१२७ असं नाव मिळतं. अनोळखी ॲरेला १२७ पासून खाली उतरत क्रमांक देण्याची पद्धत आहे. एफएसटॅबमध्ये /डेव्ह/एमडी१ असं लिहिलेलं असेल तर इथं गाडी रुतते. लॉगिन मिळालं की लगेच:

एमडीॲडम --डिटेल --स्कॅन

हा निकाल डेबियन-उबुंटूवर /ईटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फमध्ये, फेडोरा आणि आर्चवर /ईटीसी/एमडीॲडम.कॉन्फमध्ये उतरवा. त्याच ॲरेची जुनी ओळ असेल तर ती काढा. एकाच ॲरेच्या दोन ओळी राहिल्या की नवा गोंधळ. मग प्रत ताजी करा. डेबियनवर अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल, फेडोरावर ड्रॅकट -एफ, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ मोठ्या लिपीतल्या -पी सोबत. आर्चवाल्यांनी हुक्समध्ये एमडीॲडम_यूडेव्ह आहे ना, हेही बघायचं.

यूयूआयडींचा (लांबलचक ओळख-क्रमांकांचा) घोळ इथंच होतो. ॲरेचा यूयूआयडी वेगळा, ॲरेवरच्या फाईल-सिस्टिमचा वेगळा. पहिला आठ-आठ अक्षरांच्या चार गटांत, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं; तो एमडीॲडमच्या फाईलमध्ये आणि ड्रॅकटच्या आरडी.एमडी.यूयूआयडी या कर्नल पर्यायात जातो. दुसरा पाच गटांत, मध्ये आडवी रेघ, तो एफएसटॅबमध्ये. बीएलकेआयडी आज्ञेत ज्याच्यापुढे 'लिनक्स_रेड_मेंबर' लिहिलेलं असतं तो एफएसटॅबमध्ये कधीही टाकू नका.

इमर्जन्सी मोड

थोडक्यात सांगतो. /बूट/ईएफआय (ईएफआय पार्टिशन माउंट होतं ती जागा) सहसा रेडवर नसतं. ज्या डिस्कवर ते होतं ती गेली, की सिस्टिमडी ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग सगळं बूट अडवून धरतं, रूटचा रेड उत्तम चालू असतानाही. एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या पर्यायांत नोफेल हा शब्द घाला. हे आजच, सगळं चालू असतानाच करून ठेवा.

नवी डिस्क बसवणं

मशिन एका डिस्कवर उठलं की जीपीटी असलेल्या डिस्कसाठी पार्टिशन टेबल नव्या डिस्कवर उतरवा. समजा चांगली डिस्क एसडीए आणि कोरी एसडीबी:

एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीए
एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी
एमडीॲडम /डेव्ह/एमडी१ --ॲड /डेव्ह/एसडीबी२

इथले आर आणि जी मोठ्या लिपीत. पहिल्या ओळीत क्रम उलटा वाटतो: आधी कोरी, मग चांगली. उलट दिलंत तर चांगल्या डिस्कचं टेबल पुसलं जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी सीरियल नंबर पुन्हा ताडून पाहा. दुसरी ओळ नव्या डिस्कला स्वतःची वेगळी ओळख देते. मग एमडीस्टॅटमध्ये टक्के चढताना दिसतील. मोठ्या डिस्कवर याला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ सगळा भार एकाच डिस्कवर असतो. म्हणून बॅकअप नसेल तर --ॲड करण्याआधी तो घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाईल तो दोन्ही डिस्कवरून इमानानं डिलीट करतो.

नव्या डिस्कवर ग्रब बसवायचा राहिला, तर पुढच्या वेळी पुन्हा आजचाच दिवस. ग्रब-इन्स्टॉल किंवा ईएफआयची नोंद, जे लागू असेल ते, त्याच बैठकीत उरका.

एका डिस्कवर उठतं का, हे काढूनच कळतं

सांगलीत पेनड्राइव्ह, सीएचरूट आणि ग्रब-इन्स्टॉल यांत अर्धा तास गेला आणि दहाच्या सुमारास मशिन चालू झालं. मुदत संपल्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. नवी डिस्क जोडून झाली होती, एमडीस्टॅटमध्ये [यूयू] दिसत होतं, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता. मशिन रीतसर बंद केलं, पहिल्या डिस्कची साटा केबल काढली आणि चालू केलं. उठलं. बंद करून केबल लावली, बाहेर पडलेलं पार्टिशन एमडीॲडम --री-ॲडनं परत घेतलं. ॲरेवर बिटमॅप (कुठं बदल झाला त्याची नोंद) असल्यामुळे फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढंच उतरवलं गेलं आणि काम चटकन आटोपलं. [यूयू] परत दिसेपर्यंत दुसऱ्या केबलला हात लावला नाही. ती घाई केली तर दोन डिस्कचे दोन इतिहास होतात. मग दुसरी केबल काढून तेच.

त्याच बैठकीत एमडीॲडमच्या सेटिंग फाईलमध्ये मेलॲड्रच्या ओळीत (स्पेलिंग मेल, मग ए-डी-डी-आर, सगळं मोठ्या लिपीत) त्यांचा पत्ता टाकला आणि ही आज्ञा दिली:

एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट

मेल आला नाही. मशिनवर मेल बाहेर पाठवणारं काही बसवलेलंच नव्हतं, म्हणजे एखादी डिस्क याआधीही बाहेर पडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. ते बसवलं, आज्ञा पुन्हा चालवली. या वेळी त्यांच्या मोबाइलवर मेल वाजला. दोन्ही डिस्कच्या पुढच्या बाजूला सीरियल नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कॅबिनेटचं झाकण लावलं.